मदत हवी आहे: नियम सगळे पाळतोय, रागाचं काय करू?

नमस्कार मंडळी. वय ५२, सात वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. गेल्या वर्षी रक्तदाबही वर गेला. म्हटलं, गोळ्या आहेतच, पण आपल्या शास्त्रांत सांगितलंय तसं जगून तरी बघू. पाच महिने झाले. ब्राह्ममुहूर्त चुकू नये म्हणून पहाटे चारला उठतो. प्राणायाम, जप, महिन्याच्या दोन्ही एकादशा निराहार. झोपायला मात्र साडेअकरा वाजतातच, कामच तसं आहे.

वजन तीन किलो उतरलं. रक्तदाब जागचा हलला नाही. मागच्या एकादशीला दुपारी दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, साखर ५८. (गोळी घेतली होती, खाल्लं काही नव्हतं. शिव्या घालू नका, बायकोने घालून झाल्यात.)

पण मला विचारायचंय ते रागाबद्दल. जपाला बसलो आणि कुणी मोठ्याने बोललं तरी टाळकं सरकतं. पतंजलींच्या पाच यमांत पहिली अहिंसा, आणि मी हातात माळ घेऊन मुलावर खेकसतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम, क्रोध, लोभ ही नरकाची तीन दारं म्हटलीत, म्हणून दाबून धरतो. दाबला की छातीत धडधड, रात्री डोळा लागत नाही. काय खावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. राग आवरणं आणि राग गिळणं यातला फरक कसा ओळखायचा, हे कुणी सांगत नाही. स्वतः करून पाहिलेलं असेल तर लिहा. "सकारात्मक राहा" कृपया नको.

प्रतिसाद १
डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची एकादशी धरू नका. गोळी घेऊन उपाशी राहणं जिवावर बेतू शकतं.

आता रागाचं. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात दोन याद्या आहेत. अडवू नयेत असे तेरा वेग (म्हणजे शरीराच्या नैसर्गिक ऊर्मी), त्यांत भूक, तहान, झोप आणि चक्क अश्रूसुद्धा. आवरावेत असे वेगळे: लोभ, शोक, भय, क्रोध, मान, ईर्ष्या वगैरे. (गंमत बघा, शोक आवरायचा, पण अश्रू नाही.) तुम्ही भूक आणि झोप अडवून बसलात आणि त्याच अवस्थेत क्रोध आवरायला निघालात. कसा आवरेल?

ब्राह्ममुहूर्ताबद्दल अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात 'स्वस्थ' माणसाने उठावं असं म्हटलंय. तो शब्द आपण सगळेच गाळतो. साडेचार तास झोपून उठणं त्यात बसत नाही. गीताही सहाव्या अध्यायात अति जागणाऱ्याला योग साधत नाही म्हणते.

माझ्यापुरता फरक असा: आवरलेला राग संध्याकाळी त्याच माणसाला शांतपणे सांगता येतो. गिळलेला भलत्यावरच निघतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप आहे: उद्वेग न करणारं, सत्य, प्रिय आणि हिताचं बोलणं. चारही एकदम मला जमले नाहीत, मी पहिलंच धरलं. सत्य सोडायचं नाही, फक्त उशिरा बोलायचं. पहिले दोन महिने रोज चुकलो, अजूनही चुकतो.

प्रतिसाद २
प्राणायाम कोणता करता? रक्तदाब असताना श्वास कोंडून ठेवत असाल किंवा भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास) करत असाल तर आधी थांबवा.

धागाकर्ता
कुंभक, म्हणजे श्वास कोंडणंच करतोय, तोही मोजून, दर आठवड्याला आकडा वाढवत. आजपासून बंद. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. झोपेचं बघतो, चारचा गजर काढून टाकला.

त्या यादीतल्या अश्रूंपाशी बराच वेळ अडकलो. वडील जाऊनही पाचच महिने झालेत. वर लिहायचं सुचलं नव्हतं.