आईच्या साध्या फोनसाठी परवडणारा प्रीपेड रिचार्ज सुचवा (तातडीने मदत हवी आहे)

जांभा, सकाळी ९.१२

नमस्कार. गावी राहणाऱ्या माझ्या आईच्या फोनसाठी स्वस्त प्रीपेड रिचार्ज हवा आहे. तिला इंटरनेट अजिबात लागत नाही, तरीही दर २८ दिवसांनी इंटरनेटसकटचा रिचार्ज मी पुण्यातून मारतो. मागच्या खेपेस कामाच्या धांदलीत माझ्याकडून आठवडाभर उशीर झाला आणि तिचा फोन येणे-जाणे दोन्ही बंद पडला. शेवटी शेजारच्या वहिनींना फोन करून ती ठीक आहे ना, हे विचारावे लागले. कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर चौकशी केली, तर तेच इंटरनेटचे चार पर्याय मला दोनदा वाचून दाखवण्यात आले. करार, अनामत रक्कम, महिन्याचे बिल यांपैकी काहीही नको आहे. कंपनी बदलायला हरकत नाही. कोणती घ्यावी एवढेच सांगा. रिचार्ज परवा संपतो आहे.

ठाणेकरीण, सकाळी ९.३०

तुमच्या स्वतःच्या नावावर पोस्टपेड फॅमिली प्लॅन घ्या आणि त्यात आईचा नंबर जोडून टाका. आमच्या घरचे चार नंबर असेच आहेत, बिल एकदाच येते आणि रिचार्ज संपण्याची भानगडच उरत नाही. सासूबाईंचा फोन तीन वर्षांत एकदाही बंद पडलेला नाही.

जांभा, सकाळी ९.४१

बिल नको, असे मी वर स्पष्ट लिहिले आहे. कृपया प्रीपेडविषयीच सांगावे.

रानवारा, सकाळी ९.५५

जिओ घ्या आणि मोकळे व्हा. फक्त बोलणे आणि एसएमएस असलेला त्यांचा वेगळा पॅक आहे, २०२५ मध्ये तो ८४ दिवसांना ४४८ रुपये होता. माझ्या वडिलांसाठी मी तोच घेतो आणि आजवर एकही तक्रार नाही.

मनमोकळी, सकाळी १०.२०

जांभा, कंपनीचे नाव सुचवण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात, कारण तुम्ही गावाचे नावसुद्धा दिलेले नाही. गाव कोणत्या तालुक्यात आहे, आणि घरात बसून कोणकोणत्या कंपन्यांची रेंज येते? फोन नक्की कोणता आहे? आई स्वतः फोन करतात की बहुतेक आलेले फोनच घेतात? आणि त्यांच्या बँकेचे, गॅसचे, निवृत्तिवेतनाचे संदेश याच नंबरवर येतात का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होय असेल, तर हा नंबर चार दिवसही बंद राहून चालणार नाही.

जांभा, सकाळी १०.४८

गाव राजापूर तालुक्यात, सड्यावर (कातळाच्या उंच पठारावर) आहे. फोन साधा बटणांचा आहे, साताठ वर्षांपूर्वी घेतलेला. आई दिवसातून दोन-तीन फोन करते. बँकेचा ओटीपी, गॅसचा संदेश, सगळे त्याच नंबरवर येते. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धाग्याचा आखाडा होईल. रानवारा, तुम्ही सांगितलेला पॅक तिला चालेल का?

दूरध्वनीवाला, सकाळी ११.१५

चालणार नाही, आणि त्याचे कारण समजून घेतल्याशिवाय पैसे भरू नका. जिओने २०१६ मध्ये सेवा सुरू केली तीच मुळी फोरजीवर. त्यांचे टूजीचे, म्हणजे जुन्या पिढीचे, जाळे कधी नव्हतेच, त्यामुळे जुन्या टूजी फोनमध्ये ते सिम घातले तर पॅक कितीही स्वस्त असो, फोन लागणारच नाही. फोनच्या पडद्यावर रेंजच्या दांड्यांजवळ कधी ‘४जी’ उमटलेले दिसते का, हे आईंना किंवा शेजारच्या वहिनींना पाहायला सांगा. खोका जपून ठेवला असेल तर त्यावरही लिहिलेले असते. फोन टूजी निघाला, तर एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल एवढेच पर्याय उरतात.

मी दूरसंचार खात्यात तीस वर्षे नोकरी केली असून निवृत्तीनंतरही लोक मला हेच विचारतात, म्हणून थोडे लांब लिहितो. तुम्ही शोधता आहात ते कंपनी न बदलताही मिळण्याजोगे आहे. ज्यांना इंटरनेट नको, त्यांच्यासाठी केवळ बोलणे आणि एसएमएस असलेले रिचार्ज उपलब्ध करून द्यावेत, असा नियम ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) डिसेंबर २०२४ मध्ये केला आणि त्याच वेळी अशा खास रिचार्जच्या वैधतेची कमाल मर्यादा ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. जानेवारी २०२५ मध्ये हे पॅक बाजारात आले. अडचण एवढीच की, कंपन्यांच्या ऍपमध्ये ते पहिल्या पानावर सहसा दिसत नाहीत, आणि नाक्यावरचा दुकानदार सवयीने नेहमीचा इंटरनेटचा रिचार्ज मारतो. ऍपमध्ये ‘अनलिमिटेड’ किंवा ‘लोकप्रिय’ हे रकाने सोडून ‘व्हॉइस’ किंवा ‘बोलणे व एसएमएस’ अशा नावाचा रकाना शोधा.

हिशोबी, सकाळी ११.५०

वरच्या प्रतिसादाला आकड्यांची जोड देतो. उदाहरण एअरटेलचे घेतो, कारण ते दर माझ्या वहीत नोंदवलेले आहेत. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर २८ दिवसांचा नेहमीचा रिचार्ज १९९ रुपयांचा झाला. वर्षात तो १३ वेळा मारावा लागतो, म्हणजे २,५८७ रुपये. त्यांचा बोलणे आणि एसएमएसचा पॅक सुरुवातीला ८४ दिवसांना ४९९ आणि वर्षाला १,९५९ असा जाहीर झाला होता, तो काही दिवसांतच ४६९ आणि १,८४९ वर आणला गेला. दिवसाचा खर्च काढला तर पहिला सुमारे ७ रुपये १० पैसे, ८४ दिवसांचा सुमारे ५ रुपये ५८ पैसे आणि वर्षाचा सुमारे ५ रुपये ७ पैसे पडतो. म्हणजे वर्षाचा घेतला, तर ७३८ रुपये वाचतात. दर बदलत असतात, तेव्हा भरण्याआधी ऍपमधला आजचा आकडा पाहून घ्यावा.

जाता जाता, महिना २८ दिवसांचा कोणी केला, हे मला अजून उमगलेले नाही. बारा महिन्यांच्या वर्षात तेरा रिचार्ज.

रानवारा, दुपारी १२.१०

इतक्या भानगडी करण्यापेक्षा आईंना फोरजीचा बटणांचाच नवा फोन घेऊन द्या. हजार-दीड हजारात मिळतो. जुन्या फोनला किती दिवस धरून बसणार?

दूरध्वनीवाला, दुपारी १२.३५

रानवारा, यातले काही फोन एकाच कंपनीच्या सिमला बांधलेले असतात आणि त्यांत दुसऱ्या कंपनीचे सिम चालत नाही, हे सांगायचे राहिले. उद्या सड्यावर त्या कंपनीची रेंज गेली, तर फोनही गेला आणि पॅकही. प्रश्न रिचार्जचा आहे, फोनचा नाही.

हिशोबी, ३० दिवसांच्या वैधतेचा किमान एक रिचार्ज आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला मारता येईल असा किमान एक, प्रत्येक कंपनीने ठेवावा, असा आदेश ट्रायने २०२२ च्या जानेवारीतच दिलेला आहे. लोक विचारत नाहीत, म्हणून कोणी सांगत नाही.

आडवाट, दुपारी १.०५

तुम्ही सगळे उगाच पैसे घालवायला लावत आहात. खात्यात २० रुपये शिल्लक ठेवली की सिम चार महिने चालू राहते, असा ट्रायचा नियम आहे. मागे सगळ्या बातम्यांत आले होते. आई फोन घेणारच जास्त असतील, तर रिचार्जची गरजच काय?

मनमोकळी, दुपारी १.२२

त्या बातमीने अनेकांची फसगत झाली, माझ्या मावशीचीही. नियम नंबर काढून घेण्याविषयी आहे, सेवेविषयी नाही. सलग ९० दिवस नंबरचा काहीच वापर झाला नाही, तर कंपनी तो बंद करून दुसऱ्याला देऊ शकते. मात्र खात्यात २० रुपये असतील, तर ते कापून घेऊन नंबर आणखी ३० दिवस तुमच्या नावे राखून ठेवला जातो. नंबर राखला म्हणून फोन येतीलच किंवा ओटीपी मिळेलच, असे त्यात कुठेही नाही. वैधता संपली की आधी जाणारे आणि काही दिवसांनी येणारे फोनही बंद होतात. जांभा यांच्या आईंच्या बाबतीत नेमके तेच झाले.

आडवाट, दुपारी १.३०

मग वीस वर्षांपूर्वी ९९९ रुपये घेऊन ‘आयुष्यभर इनकमिंग’ म्हणून जी सिमे विकली, त्यांचे काय झाले? आयुष्य कोणाचे, ग्राहकाचे की कंपनीचे?

हिशोबी, दुपारी १.४४

कंपनीच्या परवान्याचे, असे बारीक अक्षरात लिहिलेले होते. २०१८ च्या अखेरीस किमान रिचार्जची पद्धत आली आणि फुकटच्या इनकमिंगचे दिवस संपले. पण त्यावर वेगळा धागा काढा.

देवगडकर, दुपारी २.१५

मी शेजारच्या तालुक्यातला आहे, म्हणून लिहितो. सड्यावर कागदावरचे दर पाहून काही उपयोग नाही. आमच्या वाडीत पावसाळ्यात वीज गेली की काही तासांत टॉवरची बॅटरी उतरते, आणि मग कोणाचाच पॅक कामाचा राहत नाही. कोणती कंपनी घ्यायची हे ठरवण्याआधी त्या कंपनीचे सिम असलेला एखाद्या शेजाऱ्याचा फोन आईंच्या माजघरात, दार लावून, संध्याकाळच्या वेळी लावून पाहा. अंगणात रेंज येते आणि चुलीपाशी येत नाही, असे आमच्याकडे अर्ध्या घरांत आहे. बीएसएनएलने २७ सप्टेंबर २०२५ पासून स्वदेशी बनावटीचे फोरजी देशभर सुरू केले आहे आणि त्यांचे रिचार्जही स्वस्त असतात; पण आमच्याकडे ते मिळते म्हणून तुमच्याकडे मिळेलच, असे मी म्हणणार नाही.

ठाणेकरीण, दुपारी २.४०

आईंना जाहिरातींचे फोन येत असतील तर १९०९ वर नोंद करून ते बंद करता येतात. वयस्कर माणसांसाठी हे फार महत्त्वाचे आहे.

जांभा, दुपारी ३.०५

जाहिरातींचा प्रश्न मी विचारलेला नाही, तरी आभार.

वहिनींना फोन पाहायला सांगितले. पडद्यावर ‘४जी’ वगैरे काही येत नाही, म्हणजे फोन टूजीच आहे. घरात सध्याच्या कंपनीची रेंज बरी आहे. दुसऱ्या एका कंपनीची त्याहून चांगली आहे, असे वहिनी म्हणतात. म्हणून त्या दुसऱ्या कंपनीत नंबर नेऊन तिथे वर्षाचा पॅक घ्यावा, असे ठरवतो आहे. पोर्टचा (तोच नंबर दुसऱ्या कंपनीत नेण्याचा) संदेश आजच पाठवायचा आहे. एकच शंका आहे. नंबर वडिलांच्या नावावर आहे आणि वडील चार वर्षांपूर्वी गेले. त्याने काही अडते का?

मनमोकळी, दुपारी ३.११

हे तुम्ही सकाळी नऊ वाजता लिहायला हवे होते!

दूरध्वनीवाला, दुपारी ३.४०

जांभा, संदेश पाठवू नका. पोर्ट करताना नवी कंपनी ज्याच्या नावे नंबर आहे त्याचीच ओळखपत्रे मागते, आणि नंबर दुसऱ्याच्या नावे करण्याचा अर्ज प्रलंबित असेल, तर पोर्टिंगचा कोडच मिळत नाही. म्हणून आधी नंबर आईंच्या नावावर होऊ द्या. त्यासाठी नाक्यावरचे दुकान उपयोगाचे नाही. कंपनीच्या स्वतःच्या सेवा केंद्रात वडिलांचा मृत्यूचा दाखला, आईंचे आधार आणि नाते दाखवणारा एखादा कागद घेऊन आईंनी स्वतः जावे लागेल. आणखी कोणते कागद मागतात, ते आधी फोन करून विचारून घ्या, म्हणजे सड्यावरून दोन खेपा पडणार नाहीत. या कामात सिम बदलून दिले, तर जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार पुढचे ७ दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. कोड मिळाल्यावर तो आपल्याकडे ४ दिवस चालतो आणि एकाच सर्कलमध्ये (दूरसंचार विभागात) नंबरची कंपनी बदलायला साधारण ३ कामाचे दिवस लागतात.

परवा संपणाऱ्या रिचार्जसाठी यातले काहीही करायची गरज नाही. रिचार्ज मारायला नंबर कोणाच्या नावावर आहे, हे कोणी विचारत नाही. सध्याच्याच कंपनीचा बोलणे आणि एसएमएसचा पॅक मारून टाका.

हिशोबी, दुपारी ३.५५

आणि त्यात मी एक दुरुस्ती करतो, माझ्याच सकाळच्या हिशोबाच्या विरुद्ध. वर्षाचा पॅक आत्ता मारू नका. पुढे नंबर दुसऱ्या कंपनीत नेला, की जुन्या कंपनीतली उरलेली वैधता आणि शिल्लक दोन्ही बुडतात, पैसे परत मिळत नाहीत. ८४ दिवसांचा घ्या. दिवसाला पन्नास पैसे जास्त जातील. पण अडकून पडणार नाही.

रानवारा, सायंकाळी ४.१०

मी अजूनही म्हणतो की नवा फोन आणि नवे सिम सोपे पडेल. जुना नंबर सोडून द्यावा.

मनमोकळी, सायंकाळी ४.१८

आणि बँक, गॅस, निवृत्तिवेतन, आधार, सगळीकडे नवा नंबर नोंदवायला आईंना राजापूरच्या फेऱ्या कोण मारून देणार, तुम्ही?

जांभा, रात्री ९.२५

ऍपमध्ये पॅक सापडला. अगदी शेवटच्या रकान्यात, तीनदा बोट सरकवल्यावर. ८४ दिवसांचा मारला आणि आईला लगेच फोन करून पाहिला, लागला.

नंबर तिच्या नावावर करण्याचा विषय काढला, तर ती म्हणाली, ‘त्यांच्या नावावर आहे तर असू दे की, ते काय कोणाचं खातायत?’ तिला समजावयाला मला प्रत्यक्षच जावे लागेल. पुढच्या महिन्यात चार दिवस रजा काढतो आहे; तेव्हा शेजाऱ्यांची सिमे घालून माजघरातली रेंज बघेन आणि सेवा केंद्राचे कामही त्याच फेरीत उरकेन. देवगडकर, या कामासाठी राजापुरातच होते की रत्नागिरी गाठावी लागते, याची काही कल्पना आहे का?

देवगडकर, रात्री ९.५०

कंपनीचे नाव सांगितल्याशिवाय कसे सांगणार? आखाड्याची भीती वाटत असेल, तर मला खाजगी निरोप पाठवा.