मदत हवी आहे: व्युर्टेम्बर्गमधील ज्यू पूर्वजांच्या नोंदी आणि ११० वर्षांची अट

नमस्कार.

माझ्या आईचे वडील जर्मन ज्यू होते. त्यांचा जन्म १९०८ साली दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमधील लाउपहाइम या गावी झाला आणि हिटलर सत्तेवर आल्यानंतर ते मुंबईला येऊन स्थायिक झाले. त्यांच्या घराण्याची माहिती जुळवताना एका ठिकाणी घोडे अडले आहे.

जर्मनीत जन्माची नोंद ११०, विवाहाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षे नागरी नोंदणी कार्यालयाकडे राहते व मगच अभिलेखागारात सर्वांसाठी खुली होते. त्यामुळे आजोबांच्या जन्मनोंदीची प्रत सहज मिळाली. तिच्या समासात १९३९ सालचा एक शेरा आहे, नावाला ‘इस्राएल’ जोडल्याचा. १९३८ च्या नाझी फर्मानाने ज्यू पुरुषांवर हे आणि स्त्रियांवर ‘सारा’ हे नाव लादले होते. त्याखाली, वेगळ्या शाईत, युद्धानंतर तो रद्द केल्याचा दुसरा शेरा आहे. (मुंबईत बसलेल्या आजोबांना या दोहोंचा पत्ताही नसावा.)

नागरी नोंदणी सुरू होण्याआधीच्या, म्हणजे १८७६ पूर्वीच्या काळासाठी, ज्यू समाजाच्या नोंदवह्यांच्या फिल्म श्टुटगार्टच्या मुख्य राज्य अभिलेखागाराने ‘जे ३८६’ या संचात आंतरजालावर ठेवल्या आहेत. त्या फिल्म नाझींनीच वंशतपासणीसाठी तयार करवून घेतल्या होत्या, आणि आज आम्हाला आधार त्या फिल्मचाच. अक्षर कुरेंट या जुन्या जर्मन हस्ताक्षराच्या वळणाचे आहे. मोडी वाचणाऱ्यांना ही डोकेदुखी निराळी सांगायला नको.

खरी अडचण आईच्या आत्याची आहे. कुटुंब मधल्या काळात दुसऱ्या शहरी गेले होते आणि तिचा जन्म तिथे १९१९ साली झाला, म्हणजे ११० वर्षे अजून भरलेली नाहीत. नाझी छळाला बळी पडलेल्या ज्यूंच्या, जर्मन संघीय अभिलेखागाराच्या स्मृतिग्रंथानुसार १ डिसेंबर १९४१ रोजी तिला श्टुटगार्टहून लाटव्हियातील रीगाला हद्दपार करण्यात आले. मृत्यूची तारीख दिलेली नाही. भावाचा नातू हा थेट वंशज ठरत नाही, म्हणून मृत्यूला ३० वर्षे उलटल्याचा पुरावा द्यावा, असे तेथील कार्यालयाने कळवले आहे. ज्यांचा मृत्यू कोणी नोंदवलाच नाही, त्यांचा दाखला आणायचा कुठून?

स्मृतिग्रंथातील नोंद पुरावा म्हणून कोणाची मान्य झाली आहे का? की न्यायालयाने मृत घोषित केल्याचा आदेशच लागतो? तसा आदेश युद्धोत्तर नुकसानभरपाईच्या फायलींत सापडू शकेल असे वाटते. मात्र त्यासाठी आधी लुडविग्सबुर्गच्या राज्य अभिलेखागाराला लिहावे की झिग्मारिंगेनच्या, की नाझी छळाच्या कागदपत्रांच्या बाट आरोल्सेन येथील अभिलेखागारातच अर्ज करावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. अर्ज जर्मनमध्ये लिहिण्याची माझी तयारी आहे.