मदत हवी आहे: वादळी वाऱ्यात समुद्रकाठच्या घाटातून मोटरहोम कशी न्यावी?

नमस्कार मंडळी,

उद्या संध्याकाळपर्यंत भाड्याची मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली गाडी) परत करायची आहे आणि मध्ये १४० किलोमीटरचा घाटरस्ता आहे, बहुतेक सगळा समुद्राला लागून. उद्या दुपारपासून वादळ, झोत ताशी ८० किलोमीटरपर्यंत, असा अंदाज आहे. पहाटे निघून वादळाच्या आधी निसटावं की इथेच थांबावं, हे आज रात्री ठरवायचं आहे. ज्यांनी अशी उंच, लांब गाडी घाटात चालवली आहे त्यांनी कृपया लिहा.

गाडी साधारण ७ मीटर लांब, सव्वातीन मीटर उंच, मागे दुहेरी चाकं, सामानासकट वजन ५ टनांच्या आसपास. गिअर ऑटोमॅटिक आहेत. मी वीस वर्षं कार चालवतोय, घाटातही भरपूर, पण एवढी मोठी गाडी पहिल्यांदाच. सोबत बायको, आठ वर्षांची मुलगी आणि आई.

काल जे झालं त्यामुळे धागा काढतोय. वारा समुद्राकडून होता, जोरात पण सलग. समुद्र उजवीकडे, त्यामुळे स्टेअरिंग सतत थोडं उजवीकडे धरून ठेवावं लागत होतं. त्याची सवयही झाली होती. एका वळणावर डोंगराचा सुळका समुद्राच्या बाजूला आला, रस्ता त्याच्या आडून खोदून काढलेला. तिथे शिरलो आणि गाडी एकदम उजवीकडे गेली, म्हणजे वारा ज्या बाजूने येत होता त्याच बाजूला! अर्धी लेन तरी सरकली असेल. कठड्यावरचे रिफ्लेक्टर मला एकेक करून दिसले, इतके जवळ. समोरून कोणी नव्हतं म्हणून निभावलं. मागे भांड्यांचा कप्पा उघडून ताटल्या खाली आल्या. आई काही बोलली नाही, पण त्यानंतर दीड तास तिने खिडकीवरची कडी सोडली नाही.

वारा समुद्राकडून असताना गाडी समुद्राकडे कशी गेली, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसरी गोष्ट, पुढच्या लांब उताराच्या शेवटी जळका वास आला. थांबलो तेव्हा पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता. अर्ध्या तासाने पुढे निघालो तेव्हा ब्रेक ठीक लागत होते.

शिवाय पाण्याची टाकी भरून घ्यावी की रिकामी करावी? वजन जास्त असेल तर गाडी वाऱ्यात कमी हलेल असं मला वाटतं. बायकोचं म्हणणं नेमकं उलटं आहे.

---

सह्यकडा

आधी उत्तर: निघू नका. आता कारणं.

काल तुम्हाला वाऱ्याने ढकललं नाही, वारा थांबला म्हणून गाडी गेली. समुद्राकडून वारा गाडीला डावीकडे रेटत होता, तुम्ही उजवीकडे स्टेअरिंग देऊन तोल साधला होता. सुळक्याच्या आडोशाला गेल्याबरोबर रेटा नाहीसा झाला, पण तुमचं स्टेअरिंग तसंच उजवीकडे. गाडीने तुम्ही सांगितलं तेच केलं. उंच गाडीचे नवे चालक झोताची भीती बाळगतात आणि आडोशाच्या जागी सैल पडतात. आडोशात शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा वेग आधी कमी करायचा. खोदून काढलेला रस्ता, बोगद्याचं तोंड, पुलाची सुरुवात, दोन डोंगरांमधली खिंड, समोरून येणारा मोठा ट्रक, सगळीकडे हेच होतं. ट्रक बाजूने जाताना क्षणभर वारा अडतो आणि तो गेला की दुप्पट लागल्यासारखा वाटतो.

आकडा पाहा. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुमच्या गाडीची कुशी ढोबळमानाने १८ चौरस मीटर धरली तर ताशी ४० किलोमीटरच्या आडव्या वाऱ्याचा रेटा १४० किलोच्या जवळपास होतो. ताशी ८० ला तोच साडेपाचशेच्या पुढे. वेग दुप्पट, रेटा चौपट. आणि हा रेटा झोताझोताने, ओल्या रस्त्यावर, वळणात. काल तुम्ही ज्या वाऱ्याला सरावलात त्याचा अनुभव उद्या कामाला येणार नाही.

गाडीचा वेग कमी ठेवल्याने वाऱ्याचा रेटा फारसा कमी होत नाही, पण चूक सुधारायला वेळ मिळतो. ताशी ६० ला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, ताशी ३० ला ८ मीटर. तुमची लेन किती रुंद आहे ते मनाशी धरा आणि मग ठरवा.

---

उतारगिअर

मी ब्रेकबद्दल लिहितो, कारण तो वास मला ओळखीचा आहे. अवजड गाडी उतारावर ब्रेकवर पाय ठेवून सोडली की पॅड आणि डिस्क तापत जातात. एका मर्यादेनंतर पेडल दाबूनही गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. ब्रेकचं तेल जुनं, पाणी ओढलेलं असेल तर ते उकळतं आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. थांबून थंड होऊ दिलंत ते योग्यच केलंत.

जुने घाटातले चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असली तरी गिअर हाताने खाली घेण्याची सोय बहुतेक गाड्यांत असते, काहींत ओढकाम किंवा उतारासाठी वेगळं बटण असतं. उतार सुरू होण्याआधी गिअर खाली घ्या, मधे नाही. इंजिन गुरगुरेल. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्यापर्यंत जात नाही तोवर तो आवाज चांगला आहे, घाबरू नका. वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबून वेग नीट खाली आणा आणि पाय पूर्ण उचला. सतत हलका दाब ठेवणं सगळ्यात वाईट.

हेअरपिन वळणावर मागची चाकं आतून कापतात आणि मागच्या चाकांच्या पलीकडची शेपूट बाहेर फेकली जाते. ओल्या रस्त्यावर कड खचलेली असू शकते, त्यामुळे आतल्या बाजूला मातीवर चाक जाऊ देऊ नका. वळणात शिरण्याआधीच वेग संपवा. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम राखणारी सोय) पावसात बंदच.

मागे गाड्या साचल्या तर रुंद जागा बघून त्यांना जाऊ द्या. मागून दिवे मारणाऱ्याच्या घाईने कितीतरी चालक वळणात वेग वाढवतात.

---

खारावारा

टाकीच्या प्रश्नावर मला तुम्हा दोघांचंही थोडं थोडं पटतं. गोड्या पाण्याची टाकी सहसा खाली तळाला असते, १०० लिटर म्हणजे १०० किलो, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो आणि वाऱ्यात फायदा होतो. पण तेच वजन उतारावर ब्रेकना सोसावं लागतं, आणि तुमचे ब्रेक तर आधीच तापलेत. अर्धी टाकी मात्र नको, वळणात पाणी एका बाजूला जाऊन आपटतं. सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करा. वरच्या कप्प्यांतलं जड सामान, डबे, बाटल्या जमिनीलगत आणा, त्याने ब्रेकवर बोजा न वाढता उंच गाडीला खूप फरक पडतो.

समुद्रकाठच्या रस्त्याचं एक आहे, काचेवर येतं ते निव्वळ पाणी नसतं. लाटांचे तुषार खारे असतात, वायपर फिरला की दुधट पडदा धरतो. समोरून दिवे आले की काही दिसत नाही. वायपरचं रबर बघा, काच धुण्याच्या पाण्याची टाकी काठोकाठ भरा. जिथे रस्ता समुद्राच्या पातळीला येतो तिथे भरतीची वेळ बघूनच जा. भरती आणि वादळी लाटा एकत्र आल्या की पाण्याबरोबर दगडही रस्त्यावर येतात.

रस्त्यावर वाहतं पाणी दिसलं तर गाडी जड आहे म्हणून आत घालू नका. ६० सेंटिमीटर वाहतं पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. अंधारात खोली कळत नाही, खालचा रस्ता शिल्लक आहे का तेही कळत नाही.

आणि "पहाटे निघून निसटू" यात मोठी गोम आहे. अंदाजातली दुपार दोन-तीन तास अलीकडे सरकू शकते. १४० किलोमीटर घाटात तुम्हाला चार तास तरी लागतील, मुलीसाठी आणि आईंसाठी थांबे वेगळे. वादळ आलं तेव्हा तुम्ही रस्त्याच्या सगळ्यात उघड्या भागात असाल आणि एवढी गाडी वळवायला जागा नसेल.

---

(धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. सह्यकडा, तुमचं उत्तर वाचल्यावर मी कालचा तो क्षण पुन्हा आठवून पाहिला. खरंच, माझे हात उजवीकडेच होते. मी झोताची वाट बघत होतो आणि गाडी शांततेत गेली. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग आपण थांबू या, त्यात काय."

थांबतोय. गाडीवाल्या कंपनीला फोन केला, एका दिवसाचं जादा भाडं पडेल. ते देईन.

आता वादळात उभ्या गाडीचं काय? सध्या आम्ही मुक्कामाच्या तळाच्या (कॅम्पसाइटच्या) समुद्राकडच्या कडेला आहोत, दृश्य सुंदर आहे म्हणून मुलीने जागा निवडली होती. मागे दोन मोठी झाडं आहेत.

---

सह्यकडा

दोन्ही सोडा, समुद्राची कडही आणि झाडंही. डोंगराच्या पायथ्याशी ताज्या मातीचे ओघळ, सुटे दगड दिसले तर तिथेही नको. एखाद्या पक्क्या इमारतीच्या आडोशाला, तोंड वाऱ्याकडे करून उभी करा, म्हणजे कुशीवर मार बसत नाही. वादळ सरकताना वाऱ्याची दिशा बदलते, तेव्हा अंदाजात रात्रीची दिशाही बघून ठेवा. गाडीला बाजूने बाहेर सरकणारी खोली असेल तर ती आत घ्या. ऑनिंग (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत) गुंडाळून कुलूपबंद करा, छतावरच्या झडपा बंद, गॅसच्या टाकीचा नळ बंद.

वारा पडल्यावर लगेच निघू नका. भिजलेला डोंगर पाऊस थांबल्यानंतरही सुटतो. रस्त्याच्या खात्याची सूचना बघा, आणि उजेडात निघा. रस्त्यावर मुठीएवढे ताजे खडे पडलेले दिसले तर त्या कड्याखाली रेंगाळू नका. टायरचा दाब सकाळी थंड असताना तपासा, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याएवढा.

---

(धागाकर्ता)

गाडी हलवली. आता तळाच्या कार्यालयाच्या भिंतीच्या मागे आहोत, तोंड नैऋत्येला, झाडं पन्नास पावलांवर. डबे सगळे खाली जमिनीवर आणले, ताटल्यांच्या मध्ये टॉवेल घातले. ऑनिंग तपासताना पुढची पकड अर्धवटच बसलेली निघाली, म्हणजे काल सगळा घाट ती तशीच उघडी होती. ती बसवली, वर पट्टा आवळला.

परवा सकाळी टायरचा दाब बघून, रस्ता सुरू असल्याची सूचना मिळाली तरच निघेन. त्याआधी तळाच्या आतल्या उतारावर गिअर खाली घेऊन दोन-चार वेळा उतरून बघणार आहे. पोचल्यावर इथे लिहितो.