चष्मा, सोलापूरचा उन्हाळा आणि रोज चार तास गेम: कान न दुखणारा हेडफोन कुठला?

चष्मेवाली_पूर्वभाग

नमस्कार. मुद्द्याचं आधी सांगते. बजेट चार हजार, पीसीवर व्हॅलोरंट (टीमनं खेळायचा बंदुकांचा गेम, शत्रूची पावलं ऐकू यावी लागतात), चष्मा कायमचा, खेळायची वेळ रात्री दहा ते दोन. आवाज बरा असला तरी चालेल, कान दुखता कामा नये.

आता रामायण. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. घरी येऊन जेवणखाण, भांडी उरकेस्तोवर साडेनऊ होतात. मग बेंगळुरूचा भाऊ, पुण्याची मावसबहीण आणि मी असे तिघं बसतो. आई मधूनच येऊन माझ्या माईकमध्ये "जेवलास का रे?" विचारून जाते आणि तेवढ्यात आमची राउंड जाते.

सध्याचा हेडसेट दोन वर्षांपूर्वी सेलमध्ये घेतला. कंपनीचं नाव घेत नाही. खोक्यावर ड्रॅगन, कानावर लाल दिवे, ७.१ सराउंड (म्हणे चहूबाजूंनी आवाज) वगैरे. परवा तो कारखान्यात नेऊन नमुने तोलायच्या काट्यावर ठेवला, तर वायर सोडून ३६० ग्रॅम! म्हणजे एक अख्खा अंघोळीचा टॉवेल घडी घालून डोक्यावर ठेवल्यासारखं, तेही रोज चार तास.

त्रास असे. तासाभरात चष्म्याची काडी कानाच्या वर रुतायला लागते. कानातल्या टॉप्सची फिरकी मागून टोचते, म्हणून मी आता टॉप्स काढून माउसच्या शेजारी ठेवते आणि सकाळी शोधत बसते. टाळूवर दुखतं ते वेगळंच. आणि घाम! आमची खोली वरच्या मजल्यावर, मे महिन्यात स्लॅब मध्यरात्रीपर्यंत भाजत असतो. कूलर आहे, पण नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, त्याच्या पोटात रोज काय ओतणार? पॅडचं रेक्झिन सोलून गालाला काळे कपटे चिकटतात. ऑफिसात एकीनं विचारलंसुद्धा, "काजळ पसरलंय का गं?" दुकानदार म्हणाला, पॅडला वॉरंटी नसते.

अजून एक भानगड. खाली शेजाऱ्यांचे चार माग आहेत. एरवी नऊला बंद होतात, पण ऑर्डरची घाई असली की रात्रभर खडखडाट. त्यामुळे "ओपन बॅक (कपाची मागची बाजू जाळीची, उघडी) घे, हवा खेळती राहते" असं भाऊ म्हणतो ते मला पटतही नाही आणि सोडवतही नाही. वायरलेस घ्यावा का, तेही सांगा.

बे_एके_बे

काय वो ताई, ४३ डिग्रीत कानाला स्वेटर घालून बसलालाव आणि घाम येतो म्हणलालाव! वायरवाले इन-इअर घ्या की. मी तसलंच माईकवालं लावतो, आयईएम म्हणतात त्याला. गरम नाही, चष्म्याला धक्का नाही, खर्चबी निम्म्यात. लई भारी.

चष्मेवाली_पूर्वभाग

@बे_एके_बे वापरून झालं. दीड तासानंतर कानाच्या आत खाज सुटते आणि घामानं ते घसरतं. बहिणीला मात्र तेच सोसतं, म्हणजे ज्याचा त्याचा कान. पण सल्ला चुकीचा नाही, बाकीच्यांनी आधी हे करून बघायला हरकत नाही.

जुना_कॅफेवाला

ताई, विजापूर रोडला २०१४ ते २०२० माझं गेमिंग कॅफे होतं. बारा पीसी, बारा हेडसेट, आणि रोज पन्नास डोकी. लॉकडाऊनमध्ये बंद केलं, पण हेडसेट कुठं मोडतो आणि पोरं तो का काढून ठेवतात एवढं मात्र कळलं.

पोरं हेडसेट काढायची ती आवाजामुळे नाही. मी एकदा मुद्दाम पाहिलं. नवीन आलेला पोरगा तासाभरानं एक कान मागे सरकवतो, मग दुसरा, मग गळ्यात अडकवतो. दर वेळी कारण तीनांपैकी एक: दाब, वजन, नाहीतर घाम. खोक्यावर या तिन्हींतलं काहीच मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं. तिथं ७.१ लिहितात. तुमच्या हेडसेटच्या पोटात कानामागे एकेकच स्पीकर असणार, उरलेला सगळा सॉफ्टवेअरचा खेळ. व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये स्वतःचं एचआरटीएफ आहे (दोन स्पीकरवरच आवाजाची दिशा दाखवायची सोय), ते चालू करा आणि हेडसेटचं सराउंड बंद ठेवा. दोन्ही एकत्र लावलं की पावलं नक्की कुठून आली याचा पार चुथडा होतो.

दाबाचं सांगतो. नवा हेडसेट घट्टच असतो. पट्टीच्या आत पोलादी पात असेल तर आपल्या डोक्याहून बोटभर रुंद अशी पुस्तकांची चळत करायची, तिच्यावर रात्रभर तो चढवून ठेवायचा. सकाळी घालून बघायचा, घट्ट वाटला तर पुन्हा एक रात्र. निव्वळ प्लास्टिकची पट्टी असेल तर या नादाला लागू नका, तडकते. माझे दोन गेले.

चष्म्याला दोन गोष्टी लागतात: मऊ गादी आणि बारीक काडी. जाड अॅसिटेटच्या (प्लास्टिकसारख्या) काड्या असतील तर कुठलाही हेडसेट दुखणारच, वर गादी उचलली जाऊन बाजूनं आवाज गळतो आणि खालचा दणका पातळ होतो. गेमसाठी तारेसारख्या काडीची जुनी फ्रेम वेगळी ठेवा. गादीच्या आत बोट घालून खोलीही बघा. कानाची पाळी आतल्या जाळीला टेकली की अर्ध्या तासात ठणका सुरू. आणि गादी वर्षभरात बसते, म्हणून ज्याची गादी निघून नवी घालता येते तोच हेडसेट घ्यायचा. बारापैकी माझे सात निव्वळ गादी मिळत नाही म्हणून भंगारात गेले. बाकीच्यांतले बहुतेक वायरनं मारले, पिनेच्या मानेपाशी.

घामाचं रेक्झिनशी जन्माचं वैर. डोक्याला तेल लावून बसणारी गिऱ्हाईकं असली की सहा महिन्यांत सोलणं सुरू व्हायचं. स्पिरिटनं पुसू नका, लवकर तडे जातात. खेळ झाला की किंचित ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं. कापडी गादी थंड राहते, पण बाहेरचा आवाज जास्त येतो. ओपन बॅकचंही तेच, म्हणून खाली माग असताना तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. मागाचा आवाज आत आला की तुम्ही गेमचा वाढवणार, आणि तुमच्या कानातलं बाहेर आलं की आई उठणार.

वायरलेस: ब्लूटूथवर गेम खेळू नका. आवाज उशिरा येतो, आणि माईक चालू केला की बहुतेक ब्लूटूथ हेडसेट पीसीवर जुन्या टेलिफोनसारखे होतात. २.४ गिगाहर्ट्झचा डोंगलवाला (पीसीत पेन ड्राइव्हसारखं बोंडुक खुपसायचं तो) चालतो. त्यात लॉजिटेक जी४३५ आहे, वजन फक्त १६५ ग्रॅम, कापडी गादी, लहान चेहऱ्याला बरा. पण माईकची दांडी नाही, माईक कपातच बसवलेला. पंखा डोक्यावर आणि माग खाली असताना तुमच्या भावाला तुम्ही कमी आणि माग जास्त ऐकू येईल. वायर चालत असेल तर रेझर ब्लॅकशार्क व्ही२ एक्स, २४० ग्रॅम. हायपरएक्स क्लाउड स्टिंगर २७५. भाव रोज बदलतात, म्हणून आकडा सांगत नाही. पीसीला स्पीकर आणि माईकची भोकं वेगवेगळी असतील तर स्प्लिटर लागेल, नाहीतर घरी जाऊन मला शिव्या द्याल.

आणि दुकानात चष्मा लावून, अंबाड्याचा क्लचर काढून, निदान वीस मिनिटं घालून उभं राहा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. पहिल्या दोन मिनिटांत सगळेच हेडफोन मऊ लागतात.

जॉबरचा_पोरगा

कॅफेवाले दादांनी आवाज वाढवायची गोष्ट ओझरती सांगितली, मी जरा तिथंच थांबतो.

आमचे वडील तीस वर्षं मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. कानात कधी बोळा घातला नाही. आज आमच्या घरातला टीव्ही कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत ऐकू जातो, आणि वडील म्हणतात, "हल्लीचे लोक पुटपुटत बोलतात." म्हणून हे सांगायचं धाडस.

खाली माग चालू असताना हेडफोनचा आवाज नकळत वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, आणि ९० झाला की फक्त ४. तुमचे आठवड्याचे २८ तास झाले. म्हणजे ९० वर गेलात तर सोमवारी एका रात्रीतच आठवड्याचा कोटा संपला. माग बंद असतील त्या रात्री आवाज ठरवून घ्या, हेडसेटच्या आवाजाच्या काट्यावर खूण करा आणि माग चालू झाले तरी तिच्यापुढे जाऊ नका. नाहीच भागलं तर त्या रात्री खेळू नका, झोपा.

अजून एक. कान झाकले की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून माणूस ओरडतो. हेडसेटच्या किंवा विंडोजच्या सेटिंगमध्ये स्वतःचा आवाज कानात सोडायची सोय असते, तिला साइडटोन म्हणतात. थोडा चालू ठेवा. घसा वाचतो, शेजारीही वाचतात. मागाच्या खडखडाटाला डिस्कॉर्डमधलं (गेम खेळताना बोलायचं अॅप) क्रिस्प, म्हणजे माईकमधला गोंगाट गाळायची सोय, लावून बघा, सलग एका लयीतला आवाज ते बऱ्यापैकी खातं.

चष्मेवाली_पूर्वभाग

बारा दिवसांनी आलेय, उशिराबद्दल माफी. जीएसटीच्या तारखा होत्या.

आधी जुन्यावरच प्रयोग केला. पात पोलादी होतं, म्हणून टॅक्सेशनची दोन पुस्तकं आणि शेंगाचटणीचा रिकामा डबा अशी चळत करून दोन रात्री ताणला. कानावरचं रुतणं निम्म्यावर आलं, खोटं नाही. पण ३६० ग्रॅम ते ३६० ग्रॅमच, टाळू काही माफ करेना.

मग रविवारी नवी पेठेत गेले. चष्मा लावून, क्लचर काढून, एक हेडसेट बरोबर वीस मिनिटं घातला. दुकानातला मुलगा आधी हसला, मग चहा मागवला, शेवटी म्हणाला, "मॅडम, घ्यायलात का राहायला आलायत?" ब्लॅकशार्क घेतला. स्प्लिटरसकट. जुनी तारेची फ्रेम कपाटातून काढली, नंबर अर्ध्यानं बदललाय, पण समोरचा शत्रू दिसतो तेवढा.

दाब मिटला, वजन मिटलं. घाम राहिला. त्याचं उत्तर आमच्या कारखान्यातच पडलं होतं हे लक्षात यायला चार रात्री गेल्या. मशीनवर बसणाऱ्या एका मावशींना पॅड दाखवलं. त्यांनी टर्किश टॉवेलच्या कटपीसमधून दोन गोल कापले, मध्ये कानाएवढं भोक, कडेनं इलास्टिक. दहा मिनिटांत दोन टोपडी तयार, तान्ह्या बाळाला घालतात तशी.

पहिला प्रयोग फसला. कापड ५०० जीएसएमचं (चौरस मीटरला ५०० ग्रॅम), जाड, त्याचे फासे म्हणजे वरचे दोऱ्याचे वेढे उभे. घातल्यावर कान पुन्हा जाळीला टेकला, आणि स्पाइक (गेममधला बॉम्ब) फुटला तरी शेजारच्या गल्लीत फुटल्यासारखा. मावशी म्हणाल्या, नवं कापड नको, धुऊन धुऊन मेलेला नॅपकिन आण. घरचा एक आणला, हात पुसून पुसून फासे पार झिजलेला. त्याची टोपडी पातळ झाली. फुटण्याचा दणका थोडा कमीच आहे, पण पावलं स्वच्छ ऐकू येतात, आणि मला पावलंच हवी होती. एक वाजेपर्यंत ती ओली होतात, मग खिडकीत वाळत टाकते आणि दुसरी जोडी चढवते. सोलापूरच्या टॉवेलला जीआय टॅग आहेच, आता माझ्या हेडफोनलाही आहे असं भावाला सांगितलं.

परवा रात्रभर माग चालू होते. आवाजाच्या काट्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, त्याच्यापुढे गेले नाही. तीन राउंड ऐकू न आल्यामुळे हरले, मग झोपले. @जॉबरचा_पोरगा, वडिलांना नमस्कार सांगा, जरा मोठ्यानं.

टॉप्स मात्र अजून काढूनच ठेवावे लागतात. यावर कुणाकडे काही आहे का?

जॉबरचा_पोरगा

नमस्कार पोचवला. "कोण आलंय?" म्हणाले.

जुना_कॅफेवाला

फिरकीऐवजी आकड्याची बारीक बाळी. माझी बायको कॅफेत गल्ल्यावर हेडफोन लावून बसायची, तिनं तेच केलं होतं. आणि टोपडी धुताना त्यात फॅब्रिक कंडिशनर घालू नका, टर्किश घाम प्यायचं बंद करतं. हे मी तुम्हाला सांगावं, टॉवेलवाल्यांना, म्हणजे कमालच झाली.

बे_एके_बे

ताई, मावशींना विचारा, एक जोडी कितीला पडंल. माझ्या भावाला पाहिजे. मला नको, मी इन-इअरवाला.

बरं, दोन जोड्या सांगा.