फास्टिंग शुगरच्या आधी काळी कॉफी चालते का?

ए-१०१ (सेक्रेटरी): सर्वांना नमस्कार. रविवारी सकाळी ७ ते ९ क्लब हाऊसमध्ये रक्ततपासणी शिबिर आहे. फास्टिंग शुगर, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल) आणि एचबीए१सी. शनिवारी रात्रीच्या जेवणानंतर काही खाऊ नये. नावं राहिली असतील तर आज द्या.

ए-२०३: दूध-साखर नसलेली काळी कॉफी चालेल ना? ती पोटात गेल्याशिवाय माझा दिवस सुरूच होत नाही. आणि तिच्यात कॅलरी नसतात म्हणे.

सी-५०२: हो काका, बिनधास्त घ्या. मी रोज जिमआधी तेच पितो. उलट मेटाबॉलिझम वाढतो.

बी-३०४: काका, थांबा. तपासणीआधी फक्त पाणी. काळी कॉफी नको, काळा चहाही नको.
कॅलरी नसल्या तरी कॅफिन असतंच. त्याने अ‍ॅड्रिनलिन वाढतं. अ‍ॅड्रिनलिन वाढलं की यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि स्नायू साखर आत घ्यायला जरा कुचराई करतात. इन्सुलिन तेवढंच असतं, पण त्याचा प्रभाव तात्पुरता कमी पडतो. सगळ्यांचाच आकडा यामुळे हलतो असं नाही, पण तुमचा खरा उपाशीपोटीचा आकडा हवाय ना? मग मध्ये काही नको.

ए-२०३: मागच्या वर्षी ११२ आली होती. डॉक्टर म्हणाले प्रीडायबेटिस. म्हणून तर विचारतोय.

बी-३०४: मग तर नक्कीच नको. १०० च्या खाली नॉर्मल, १०० ते १२५ प्रीडायबेटिस, १२६ किंवा त्याहून वर दोनदा आली तर डायबेटिस. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात, तिथे पाच-सात आकड्यांचाही फरक पडतो. एचबीए१सी मात्र दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, एका कपाने ते बदलत नाही.
एक सुचवू? तुम्ही सातचाच नंबर घ्या. सँपल दिल्या दिल्या कॉफी घ्या. रोजचं कॅफिन चुकलं की शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं. रोजची वेळ फार लांबवू नका म्हणजे त्रास होणार नाही.

ए-१०१ (सेक्रेटरी): ताई, हे नोटिशीत घालतो. 'फक्त पाणी' असं ठळक लिहितो.

ए-२०३: एक कळत नाही. गेली कित्येक वर्षं वाचतोय की कॉफी पिणाऱ्यांना डायबेटिस कमी होतो. आता तुम्ही म्हणता कॉफीने साखर वाढते. दोन्ही खरं कसं?

बी-३०४: काका, दोन्ही खरं आहे आणि यातच सगळी गंमत आहे. जरा मोठं लिहिते, वेळ काढून वाचा.
२००२ मध्ये नेदरलँड्समधल्या १७,१११ लोकांचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. दिवसाला सात किंवा अधिक कप कॉफी पिणाऱ्यांमध्ये टाइप २ डायबेटिसचं प्रमाण दोन किंवा कमी कप पिणाऱ्यांच्या निम्मं होतं. त्यानंतर असे अभ्यास येतच राहिले. २०१४ मध्ये २८ अभ्यास एकत्र करून पाहिले, ११ लाखांहून जास्त माणसं. रोजच्या प्रत्येक जादा कपामागे धोका सुमारे ९ टक्क्यांनी कमी दिसला. आता नीट बघा: कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीतही तो ६ टक्क्यांनी कमी दिसला!
म्हणजे श्रेय एकट्या कॅफिनचं नाही. कॉफीत क्लोरोजेनिक अ‍ॅसिडसारखे बरेच घटक असतात, ते वर्षानुवर्षं शरीरात जात राहतात. आणि रोज पिणाऱ्याचं शरीर कॅफिनला बरंचसं सरावतं, त्यामुळे त्या क्षणाची ती साखरेची उसळी हळूहळू बोथट होते.
दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये बाथ विद्यापीठाने २०२० मध्ये २९ निरोगी माणसांवर प्रयोग केला. रात्री दर तासाला उठवून झोप मोडली. एका फेरीत त्याच माणसांना सकाळी आधी कडक काळी कॉफी आणि अर्ध्या तासाने साखरेचं पेय दिलं, तेव्हा रक्तातल्या साखरेची चढण सुमारे ५० टक्क्यांनी जास्त झाली. नुसत्या मोडलेल्या झोपेने एका रात्रीत एवढा फरक पडला नव्हता.
एक अभ्यास वर्षांचा हिशोब मांडतो, दुसरा दोन तासांचा. भांडण नाहीच.

सी-२०१: ताई, मग वर्षांच्या हिशोबासाठी आम्ही कॉफी सुरू करावी का? आमच्याकडे कोणीच पीत नाही.

बी-३०४: नाही वहिनी. औषध म्हणून सुरू करू नका. कप मोजले, त्या माणसांचं पुढे काय झालं ते पाहिलं, असे हे अभ्यास आहेत. कॉफी पिणाऱ्यांच्या बाकीच्या सवयीही त्यात मिसळलेल्या असतात, त्या कितीही वजा केल्या तरी थोड्या उरतातच. आवडत असेल तर प्या. नसेल आवडत तर काही गमावत नाही आहात.

सी-५०२: पण चरबी जळते हे तर सिद्ध झालंय ना ताई? फॅट बर्नरच्या प्रत्येक डब्यावर कॅफिन असतं.

बी-३०४: सिद्ध झालंय, पण किती ते बघ. १९८९ च्या एका प्रयोगात १०० मिलिग्रॅम कॅफिनने बसल्या जागचा कॅलरीचा खर्च ३ ते ४ टक्क्यांनी वाढला, साधारण अडीच तास. आता तुझाच हिशोब कर. बसल्या जागी तासाला ६० ते ७० कॅलरी धर. अडीच तासांच्या झाल्या दीडशे-पावणेदोनशे. त्याचे ३-४ टक्के म्हणजे पाच-सहा कॅलरी. एक चमचा साखर ४ ग्रॅम, १६ कॅलरी. कपात एक चमचा साखर घातलीस की सगळं वाढवलेलं मेटाबॉलिझम संपलं आणि वर दहा कॅलरी देणं लागतोस.
जिममध्ये कॅफिनने जोर येतो, थकवा उशिरा जाणवतो, ते खरं आहे. तेवढ्यासाठी घेत असशील तर घे. पण फॅट बर्नरवर पैसे घालवू नकोस, कळकळीने सांगते.

सी-५०२: पाच-सहा कॅलरी?? ओके ताई. हे कोणी सांगतच नाही.

सी-२०१: ताई, मला एनर्जी ड्रिंकचं विचारायचं होतं. मुलाची परीक्षा चालू आहे. रात्री अभ्यासाला म्हणून कॅन आणतो. आज कचऱ्यात मोठे रिकामे कॅन सापडले. ओरडले नाही, आधी नीट समजून घ्यावं म्हटलं.

बी-३०४: बरं केलंत. कॅनच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते इथे टाइप करा. दर १०० मिलिलिटरला किती साखर, किती कॅफिन, आणि कॅन केवढा.

सी-२०१: १०० मिलिला साखर ११ ग्रॅम. कॅफिन ३२ मिलिग्रॅम. कॅन ५०० मिलि.

बी-३०४: म्हणजे एका कॅनमध्ये ५५ ग्रॅम साखर, जवळजवळ १४ चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत हवी, आणि ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. इथे दोन दिवसांची साखर एका बैठकीत गेली. आणि पातळ पदार्थातली साखर चावावी लागत नाही, पोट भरल्याची जाणीवही देत नाही. सरळ यकृतावर येऊन पडते.
कॅफिन झालं १६० मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये मर्यादा सांगितल्या: निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम, एका वेळी २०० पर्यंत. मुलांना आणि किशोरवयीनांना वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम. मुलाचं वजन किती आहे?

सी-२०१: ५१.

बी-३०४: म्हणजे १५३. एका कॅनमध्येच ओलांडलं. आणि तेही रात्री.
वहिनी, त्याला रागवू नका, हेच गणित त्याला स्वतः करू द्या. परीक्षेचा अभ्यास झोपेत पक्का होतो. जागं राहून वाचलेलं डोक्यात राहायला झोप लागतेच.
साखरेच्या पेयांबद्दल तर फारशी शंका उरलेली नाही. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा रोज एक-दोन ग्लास गोड पेयं घेणाऱ्यांना टाइप २ डायबेटिसचा धोका क्वचित घेणाऱ्यांपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त दिसला. कॉफीचा कल एकीकडे आणि याचा बरोबर उलटीकडे. कॅफिन दोन्हीत आहे! म्हणून मी सारखी म्हणते, कॅफिनसोबत कपात काय आहे आणि घड्याळात किती वाजलेत, ते बघा.

ए-३०३: मी संध्याकाळी सहाला कडक चहा घेतो. बीपीची गोळी चालू आहे. रात्री दोनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. वयामुळे असेल असं धरून चाललो होतो. याचा काही संबंध?

बी-३०४: आजोबा, असू शकतो. दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानेच झोप येते. कॅफिन त्याच्या जागेवर जाऊन बसतं. शरीरातलं निम्मं कॅफिन निघून जायला सरासरी पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला आठ-नऊ. सहाला घेतलेल्या चहाचं निम्मं अकराला अजून तुमच्या अंगात असतं. झोप लागते, पण खोल लागत नाही. २०१३ मध्ये एक प्रयोग झाला, झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं तरी झोप तासाभराहून जास्त कमी झाली. चहात एवढं नसतं, कपाला ४०-५० असेल. पण झोप आधीच हलकी असेल तर तेवढंही पुरतं.
झोपेचा साखरेशी थेट संबंध आहे. शिकागोत १९९९ मध्ये ११ तरुण, निरोगी मुलांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. एवढ्यात त्यांची साखर हाताळायची ताकद स्पष्ट घसरली. तरुणांची!
तुम्ही सहाचा चहा दुपारी दोन-तीनच्या आत आणून बघा. एकदम बंद नको. आणि बीपी मोजायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी नको, आकडा वर जातो. तरीही जाग येत राहिली तर डॉक्टरांना नक्की सांगा. रात्री जाग येण्याची इतर कारणंही असतात.

ए-३०३: आजपासूनच करतो. धन्यवाद बाळ.

सी-५०२: ताई, मी सिगारेट सोडली तेव्हापासून तीच कॉफी जास्त चढते. छातीत धडधडतं. मनाचे खेळ म्हणून सोडून दिलं होतं.

बी-३०४: मनाचे खेळ नाहीत. सिगारेट सोडलीस हे ऐकून खूप बरं वाटलं. तंबाखूच्या धुराने यकृतातलं कॅफिन मोडणारं एन्झाइम जास्त जोरात चालतं. धूर थांबला की ते मंदावतं, तीच कॉफी जास्त वेळ अंगात राहते. कप कमी कर. धडधड तरीही थांबली नाही तर ईसीजी काढ, अंगावर काढू नकोस.
गरोदरपणात तर कॅफिन फारच हळू निघतं, शेवटच्या महिन्यांत निम्मं व्हायला १५ तासांपर्यंत लागू शकतात. म्हणून तेव्हा मर्यादा दिवसाला २००. ग्रुपवर दोघी-तिघी आहेत, म्हणून लिहिलं.

ए-२०३: आणि कोलेस्टेरॉल? रविवारी लिपिडही आहे.

बी-३०४: कॉफी कशी करता? कागदी फिल्टरमधून, की भुकटी उकळून?

ए-२०३: उकळून. मग जाळीच्या गाळणीने गाळतो.

बी-३०४: हं, मग हे तुमच्या कामाचं आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतं. उकळलेल्या कॉफीत ते भरपूर उतरतं आणि धातूच्या जाळीतून आरपार जातं. कागद ते अडवतो. इन्स्टंटमध्ये अगदी कमी. एलडीएल जास्त आलं तर आधी कागदी फिल्टर लावा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. डॉक्टरांची गोळी मात्र त्यासाठी थांबवायची नाही.

बी-१०२: मी थायरॉइडची गोळी सकाळी चहाबरोबरच घेते गं. सोपं पडतं, विसरत नाही.

बी-३०४: काकू, तेवढं बदला. चहा-कॉफीबरोबर ती गोळी नीट शोषली जात नाही, कॉफीबरोबर तर हे चांगलंच दिसून आलंय. मग टीएसएच हा थायरॉइडच्या तपासणीतला आकडा वर जातो आणि विनाकारण डोस वाढतो. आणि थायरॉइड मंद असला की वजन, कोलेस्टेरॉल सगळंच बिघडतं. गोळी उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर घ्या, चहा त्यानंतर तासाभराने, निदान अर्ध्या तासाने तरी.

बी-१०२: अगं, मागच्या महिन्यातच डोस वाढवलाय! चहाचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

बी-३०४: मग आधी त्यांना फोन करून हे सांगा. गोळी पाण्याबरोबर सुरू केलीत की वाढवलेला डोस जास्त होऊ शकतो. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करावा लागेल, तारीख त्यांनाच विचारा.

बी-१०२: उद्या सकाळीच करते. आणि लोहाची गोळी? ती जेवणानंतर चहासोबत घेते.

बी-३०४: तीही नको चहासोबत, लोह अडतं. शिवाय लोहाची आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचं अंतर हवं. संध्याकाळी घरी या काकू, सगळ्या गोळ्या घेऊन. कागदावर वेळा लिहून देते, तो डॉक्टरांना दाखवा आणि मगच बदला.