ब्रँडेनबर्ग ५ : हार्पसिकॉर्डचे ते ६५ बार

तंतू: काल इथे कुणीतरी लिहिलं की जर्मन संगीतकार बाखच्या पाचव्या ब्रँडेनबर्ग कन्सर्टोचा (एकल वाद्यं आणि वाद्यवृंद यांच्या रचनेचा) पहिला भाग म्हणजे ‘तोच मुखडा पुन्हा पुन्हा, आणि शेवटी हार्पसिकॉर्डवाल्याची मिरवायची हौस’. (हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं, तार छेडणारं पट्ट्यांचं वाद्य.) वाचून गप्प बसवेना. मुखडा पूर्ण येतो दोनदाच, सुरुवातीला आणि अगदी शेवटी. मधे नुसते तुकडे येतात, कधी ए मेजर या स्वरपट्टीत, कधी बी मायनरमध्ये. एफ शार्प मायनरमध्ये बासरी आणि व्हायोलिन हलक्या आवाजात एकमेकांना उत्तरं देत राहतात, तिथे तर मुखड्याचा मागमूस नाही. २२७ बारांच्या (बार म्हणजे तालाचं एक माप) या भागात ६५ बार एकटं हार्पसिकॉर्ड वाजतं, आणि त्या ताणामुळेच शेवटचा अख्खा मुखडा समेवर आल्यासारखा वाटतो.

ठाणेकर_रसिक: लिहिणारा मीच. मत बदललेलं नाही. आधीच्या आवृत्तीत हाच एकल तुकडा वीस बारांच्या आत संपतो, तेवढा पुरेसा होता. १७१९ मध्ये बाखने बर्लिनहून नवं हार्पसिकॉर्ड आणलं, १७२१ मध्ये हे कन्सर्टो ब्रँडेनबर्गच्या मारग्राफला (तिथल्या उमरावाला) अर्पण केले. वाद्य दाखवायचं होतं, दाखवलं!

तंतू: मग सुरुवातीला त्यात आधीच्याच सुरावटी का येतात? नुसतं मिरवायचं असतं तर पहिल्या बारापासून धावपळ केली असती.

क्लासवाली: तुम्ही निदान ऐकता तरी. माझ्याकडची मुलं परीक्षेसाठी ‘रिटोर्नेलो (हाच परतणारा मुखडा), बासो कंटिन्युओ (सतत चालणारी बासची साथ), टेरेस्ड डायनॅमिक्स (आवाज पायरीपायरीने बदलणं)’ घोकून येतात. मुखडा कुठे परतला ते वाजवून दाखव म्हटलं की गप्प.

मडगावचो: बार मोजून काय मिळतं? माझे वडील चर्चच्या क्वायरमध्ये व्हायोलिन वाजवायचे, घरात हीच सुरावट असायची. पुढे मुंबईत मागच्या रांगेतून ऐकलं तर हार्पसिकॉर्ड नुसतं दिसत होतं. पियानोवरच वाजवा.

पीस_आणि_तार: पियानोवर वाजवायचं तर बाखचं नाव कशाला घेता? हार्पसिकॉर्डमध्ये पिसाचं टोक तार छेडतं, बोट कितीही दाबा, आवाज वाढत नाही. बाखला ते पक्कं ठाऊक होतं. एकल वाद्यं सुरू झाली की बाकीच्या तारवाद्यांना हळू वाजवायची खूण त्याने स्वतः घातली आहे. साथीला दुसरं व्हायोलिनसुद्धा ठेवलं नाही. तुमच्या त्या कार्यक्रमात साथीला किती व्हायोलिनं होती, सांगा.

मडगावचो: आठ-दहा असतील. म्हणून मी बहिरा?

पीस_आणि_तार: बहिरे नाही, पण दोष वाद्यावर ढकलताय. दरबारातल्या खोलीसाठी लिहिलेलं संगीत हजार माणसांत वाजवायचं आणि वर हार्पसिकॉर्डला नावं ठेवायची!

मडगावचो: हजार माणसांनी मग ऐकायचंच नाही का? तुमच्यासारख्यांमुळेच लोक या संगीतापासून लांब राहतात.

ठाणेकर_रसिक: वाद माझ्या पोस्टवर होता ना? असो. तंतू, सुरावटींचा मुद्दा मान्य, निम्म्यापर्यंतच. नंतरची वेगवान धाव अजूनही लांबलेलीच वाटते.

तंतू: त्या धावेखाली बास (खालचे सूर) काय करतो ते ऐकून या, मग बोलू.

पीस_आणि_तार: आणि हार्पसिकॉर्डवरच ऐका.

मडगावचो: माइक लावून.