पोरं शिकलेलीच असतात

"जाळपोळ करतात ती अडाणी, रिकामटेकडी पोरं, शिकलेल्या घरातली फार तर स्टेटस ठेवतात" असं दंगलींबद्दल बरेचजण म्हणतात, पण हे म्हणणं मराठवाड्यात तरी टिकत नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाला, तेव्हा विरोधात पुढे होते कॉलेजचे विद्यार्थी. आणि घरं कुणाची जळाली? खेड्यापाड्यातल्या दलितांची. नामविस्तार (जुन्या नावाला आंबेडकरांचं नाव जोडणं) व्हायला १९९४ उजाडलं.

आंदोलनातल्या पोरांवरचे खटले मागे घेऊ, असं आश्वासन मंत्री देतात, त्याबद्दल मात्र कुणीच लिहीत नाही. मंत्री स्टेजवरून बोलला म्हणजे गुन्हा मिटला असं नसतं. सरकारी वकिलाला कोर्टात अर्ज द्यावा लागतो, कोर्टाची परवानगी लागते, आणि तोवर तारखा चालूच. आमच्या गल्लीतला एक पोरगा भरतीसाठी पहाटे ग्राउंड मारायचा. जमावाच्या व्हिडिओत दिसला, नाव गुन्ह्यात गेलं. आता चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर 'गुन्हा दाखल आहे का' या रकान्याशी अडलाय. बाप जिल्हा परिषदेत मास्तर. तारखेला रजा टाकून तेच सोबत जातात. भाषण ठोकणारे नेते (सगळ्याच बाजूंचे म्हणतोय) त्या कोर्टाच्या आवारात एकदाही दिसले नाहीत.